तीन घरची फ्लॉपी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॉम्प्युटरबद्दल मी काही लिहावं असं नाही. पण त्या यंत्रापायी आमच्याकडं जे झालं ते माझ्या हातून झालं, तेव्हा ते मीच सांगितलेलं बरं. सून सांगेल तर माझी चूक अर्धी करून सांगेल, लेक सांगेल तर दुप्पट करून.

मी सोयरिकी जुळवत असे. पैसे घेऊन नव्हे. आमच्या लोकांकडं पूर्वी मेंढरं होती. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून माणसं घाटाकडं निघायची ती पावसाच्या तोंडाला परत यायची. कोण कुठल्या रानात आहे, कुणाची पोर लग्नाची झाली, हे एखाद्याला ठाऊक असावं लागायचं. आमच्यात ते माझ्या बापाला ठाऊक असायचं, त्याच्यामागं मला. पुढं मेंढरं गेली. कालव्याच्या पाण्यावर कुणी ऊस लावला, कुणी भाजीपाला, कुणी कारखान्यात चिकटलं, कुणी एसटी डेपोत. पण लग्न म्हटलं की कूळ, देवक, मामाचं गाव विचारावंच लागतं, आणि ते विचारायला बारामती-इंदापूरची माणसं माझ्याकडं यायची.

हे सगळं मी वहीत लिहायचे. घर, गाव, आजोळ, पोर किती शिकली, आणि सगळ्यात शेवटी एक खूण. मेंढरं एकमेकांत मिसळली तर ओळखता यावीत म्हणून प्रत्येक कळपाच्या कानाला वेगळी खूण असते. कुणी पुढून चीर देतं, कुणी मागून, कुणी मधोमध भोक पाडतं. मी वहीत एक कान काढायचे आणि त्याला खूण करायचे. पुढून चीर म्हणजे आधीची सोयरीक मोडलेली. मागून चीर म्हणजे अंगात काही खोट, दुखणं. भोक म्हणजे घरात दारू. दोन भोकं म्हणजे दारू आणि वर मारहाण. वही कुणाच्या हाती पडली तरी त्याला वाटायचं, बाईनं पिंपळाची पानं काढलीत.

एका उन्हाळ्यात पहिली वही वाळवीनं खाल्ली. फडताळातून काढली तर मधली पानं भुगा, आणि कडेला नुसती गावांची नावं उरलेली. तेव्हापासून मला एका जागी बसवेना. उरलेल्या वह्या अंगणात मांडायच्या, ऊन फार झालं म्हणून आत आणायच्या, पुन्हा झटकायच्या. सून आठवडाभर बघत होती.

कॉम्प्युटर तिचा. मुलानं पुण्याहून जुना आणून दिला होता. ती शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून द्यायची.

"आत्या, तुमी नुसतं सांगत जावा, मी टाइप करती. ह्याला वाळवी लागायची न्हाय."

रोज दुपारी आम्ही बसायला लागलो. मी वही वाचायची, तिनं बोटं चालवायची. पहिल्याच पानावर अडलं.

"हे पान कसलं?"

"कान हाय तो."

"कुणाचा?"

"मेंढीचा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आत्या, ह्या मशीनमंदी मेंढीचा कान न्हाय. काय म्हणायचंय ते शब्दात सांगा. उद्या तुमी नसला तर ह्या पानांचा अर्थ कुणाला लागायचा?"

तिचं बोलणं खरं होतं. तिनं शेवटी एक रकाना पाडला, त्याला 'शेरा' नाव दिलं, आणि मी खुणा सोडवून सांगायला लागले. बोलताना माणूस खुणेपेक्षा जास्त बोलतं. भोकाच्या जागी 'सासरा दुपारीच पिऊन असतो' असं आलं. चिरेच्या जागी 'पोरगी उलट बोलते, सोयरीक म्हणून मोडली, चूक पोराकडची' असं आलं. वहीत जी खूण होती तिची तिथं गोष्ट झाली. मला गंमत वाटत होती, हेही सांगते. आयुष्यभर जे तोंडातल्या तोंडात ठेवलं ते कुणीतरी लिहून घेत होतं.

दिवाळीपर्यंत तीनशेच्या वर घरं झाली. मग एका दुपारी लाइट गेली, आली ती भडकून आली, आणि यंत्र चालूच होईना. सुनेनं ते रिक्षात घातलं आणि आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतलं. ते दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. चहा ठेवायचा आणि विसरायचा. देवापुढं बसले तरी डोक्यात घरं मोजत होते, कुठलं आठवतं, कुठलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "वाचलं बगा सगळं. पण मावशी, ही डिस्क कवाबी जाती. दुसरीकडं ठेवा कायतरी."

"दुसरीकडं म्हंजे?"

त्यानं बरंच सांगितलं. पुण्यात सीडीवर करून मिळतं, पण एकदा केलं की त्यात बदल करता येत नाही. टेप असते, तिचं यंत्र वेगळं. एक जाड फ्लॉपी निघाली आहे, तिचंही यंत्र वेगळं. छापून काढा, पण कागदाला वाळवी आहेच. नाहीतर साधी फ्लॉपी, दमट लागली की खराब, लोहचुंबकाजवळ गेली की कोरी.

मी विचारलं, "ह्यातलं टिकतं कुठलं?"

"तसं बगितलं तर कुठलंच न्हाय."

तो खरं बोलला म्हणून मला बरा वाटला. सून सीडीचं काढत होती. मला ते नको होतं. सोयरीक रोज बदलते, ज्याच्यात बदल करता येत नाही ते घेऊन काय करायचं? मी म्हटलं, साध्या फ्लॉप्या घे, तीन. दुकानदार हसला. म्हणाला, "तीनच का?"

माझं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. तिथं बाजरीचं आणि मटकीचं बी कुणी एका घरी ठेवत नाही. आपल्या घरी, लेकीच्या घरी आणि भावाच्या घरी. एका घरात किडलं, एका घरात पोटाला लागलं, तरी तिसऱ्या घरात पेरण्यापुरतं राहतं. बी जसं ठेवतात तसं हे ठेवायचं, एवढंच मला कळलं. सूनही म्हणाली, "बरोबर हाय आत्या, पुस्तकातबी असंच दिलंय." मी फुगले.

एक फ्लॉपी आमच्या घरी, डब्यात. एक सुप्याला भावाकडं. एक लेकीकडं, भवानीनगरला. लेकीचे यजमान कारखान्यात होते, घर वसाहतीत. घरी सासू आणि लग्नाची नणंद. मी फ्लॉपी देताना लेक म्हणाली, "आई, कुणी बगितली तर?"

"बगू दे की. कॉम्प्युटर कुणाकडं हाय हितं? आन असला तरी तुझी वहिनी म्हणती, मराठी अक्षरं दुसऱ्या मशीनवर किड्यावाणी दिसत्यात."

सून तसं म्हणाली होती, खरं आहे. पण नंतर तिनं काय केलं ते मी नीट ऐकलं नव्हतं. जी फ्लॉपी दुसरीकडं वाचता येत नाही ती ठेवून उपयोग काय, म्हणून तिनं ती मराठी अक्षरंही फ्लॉपीत घातली होती. वर चिठ्ठी चिकटवली होती, सुंदर अक्षरात: 'सोयरीक यादी. आधी फॉन्ट टाकणे, मग फाइल उघडणे.' तिनं आपलं काम चोख केलं होतं. मला ती चिठ्ठी वाचता येत होती, तिचा अर्थ लागत नव्हता.

दोन महिने गेले. कारखाना जोरात चालू होता. एका गुरुवारी अकराच्या सुमाराला लेक दारात उभी. हातात पिशवी नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"आई, तू माझ्या नंदेचं काय लिवलंस?"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग आलं. तिच्या नणंदेच्या पोटरीवर पांढरा डाग होता. घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. लेकीनं मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, नणंदेला स्थळ बघताना उपयोगी पडेल म्हणून. मी वहीत कानाला मागून चीर दिली होती. यंत्रात मात्र लिहिलं होतं: 'डाव्या पोटरीवर कोड, रुपयाएवढं. घरचे लपवतात.'

वसाहतीजवळ कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. नणंद तिथं जायला लागली होती. सरावाला फ्लॉपी हवी, म्हणून तिनं कपाटातली उचलली. चिठ्ठीवर लिहिलं होतं तसं आधी फॉन्ट टाकला, मग फाइल उघडली. एका यंत्रावर दोन-दोन पोरी बसत. शेजारणीनंही वाचलं.

"सासूबाईंना कळलं?"

"न्हाय. तिनं अजून सांगितलं न्हाय. नुसती माझ्याकडं बगती आन गप बसती. आई, मला त्या घरात राहायचंय. मीच भाईर सांगितलं हे सासूबाईंना कळलं तर मला तितं तोंड न्हाय."

आणि रविवारी नणंदेला बघायला माणसं यायची होती. इंदापूरच्या पलीकडची. स्थळ मीच आणलं होतं.

मी पायात चपला घातल्या. तशीच लेकीबरोबर एसटी धरली. उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगत होती आणि मी उभीच होते, जागा मिळाली तरी बसले नाही. लेक म्हणाली, "आई, बस." मी म्हटलं, "तू बस."

विहीणबाई दळणाला गेल्या होत्या. नणंद मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढत होती. कारखान्याची काजळी पडते म्हणून तिकडं कपडे फार वेळ बाहेर ठेवत नाहीत. तिनं मला बघितलं आणि एकेक कपडा झटकत राहिली.

"या मावशी. आठ आण्याएवढा हाय."

"काय?"

"डाग. तुमी रुपयाएवढा लिवलाय. आठ आण्याएवढा हाय. दोन वर्षांत वाढला न्हाय. लिवायचंच हुतं तर मोजून तरी लिवायचं."

मी म्हटलं, "चुकलं माझं. ती फ्लॉपी दे, मी पुसून टाकते."

"किती घरी ठिवलीय?"

"तीन."

"मंग ह्या एकीनं काय हुतंय?" तिनं कपडे लेकीच्या हातात दिले. "मला एक सांगा. रविवारी येणाऱ्या माणसांना तुमी हे कवा सांगणार हुता?"

"लपवून मी कधी लगीन केलं न्हाय. पसंती झाल्यावर, सुपारी फोडायच्या आधी. पोराच्या आईला एकटीला."

"म्हंजे मी त्यांना आवडल्यावर. मंग त्यांनी न्हाय म्हणायचं, आन गावानं इचारायचं का न्हाय म्हणले."

चाळीस वर्षं मी असंच करत आले होते आणि त्यात मला शहाणपण वाटत होतं. असं कुणी विचारलं नव्हतं. मी परत फ्लॉपी मागितली.

"ती मी ठिवणार," ती म्हणाली. "तुमच्या बाकीच्या पुसा."

लेक माझ्याकडं बघत होती. मी वाद घातला नाही. विहीणबाई कोपऱ्यावर दिसायला लागल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी मी सुप्याला गेले. भावाला म्हटलं, ती काळी चकती काढ. त्यानं उतरंडीतलं वरचं मडकं खाली घेतलं. मटकीच्या बियात, राखेत पुरून ठेवली होती. बी ठेवतात तशी ठेव, असं मीच सांगितलं होतं.

"बग, एकबी किडा न्हाय," तो म्हणाला.

घरी आणून सुनेनं ती यंत्रात घातली तर नुसती घरघर झाली. तिच्या सरकत्या पत्र्याखाली राख गेली होती. वाचता आली नाही, पुसताही आली नाही. सून डोक्याला हात लावून हसत सुटली. मी कात्रीनं तिचे चार तुकडे केले. बाहेरच्या दोन घरांतलं एकच घर असं निघालं की जिथून काही बाहेर गेलं नाही, आणि तिथली फ्लॉपी मेलेली होती.

घरच्या फ्लॉपीतला आणि यंत्रातला शेऱ्याचा रकाना आम्ही त्याच दुपारी काढला. सुनेचा जीव वर-खाली होत होता. "आत्या, एवढे सहा म्हैने बसून लिवलंय. निम्मं तर वहीतबी न्हाय, तुमी तोंडी सांगितलेलं. एकदा गेलं की गेलं."

"जाऊ दे."

"मंग एवढं सांभाळून काय केलं आपण?"

"नावं-गावं सांभाळ. बाकीचं काढ."

तिनं बटण दाबलं. एवढ्या बायकांची दुखणी, सासऱ्यांच्या बाटल्या, मोडलेल्या सुपाऱ्या, सगळं एका दमात गेलं. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. भवानीनगरची तिसरी डोक्यात होती.

रविवारी मी गेले. माणसं आली. पोहे झाले, चहा झाला. नणंद पाटावर बसली. पोराच्या आईनं विचारलं, शिक्षण किती, भाकरी येते का, शेतात जायची तयारी आहे का. तिनं उत्तरं दिली. मग कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "माझ्या डाव्या पोटरीवर पांढरा डाग हाय. आठ आण्याएवढा. वाढत न्हाय. बगायचा असला तर आत या, दावती."

पोराच्या आईनं बशी खाली ठेवली. विहीणबाईंचा चेहरा मी बघितला नाही, मला धीर झाला नाही. पुरुष माणसं जरा वेळानं ऊसतोडीच्या टोळ्यांवर बोलायला लागली. जाताना म्हणाले, कळवतो. कळवलं नाही.

ती माणसं फाटकाबाहेर गेली आणि विहीणबाईंनी तिला धरलं. "तुला कुणी सांगितलं हुतं तोंड उघडायला? कुणी शिकीवलं?"

लेक दाराला धरून उभी होती.

"कुणी न्हाय," नणंद म्हणाली. "माझा पाय हाय, मी सांगितलं." तिनं माझ्याकडंही बघितलं नाही, लेकीकडंही नाही. भांडी उचलून आत गेली.

तिनं आम्हा दोघींना वाचवलं. मी तिचे आभार मानले नाहीत. मानायचे तर विहीणबाईंसमोर कशाबद्दल मानणार?

त्यानंतर दोन वर्षं लेकीनं मला त्या घरातलं एक अक्षर सांगितलं नाही. भाजी काय केली विचारलं तरी जपून सांगायची. मीही स्थळं कमी केली. लोक यायचे, मी नावं-गावं सांगायची आणि पुढचं तुमचं तुम्ही विचारा म्हणायची. लोकांना वाटलं, बाईची आठवण गेली. एक नवी वही केली होती, तिच्यात पुन्हा कान काढायला लागले आणि सुनेला चार खुणा तोंडी शिकवल्या. ती म्हणाली, "हे आधीच केलं असतं तर?" मी तिला भाकऱ्या थापायला लावलं.

पुढं नणंदेचं लग्न ठरलं. मला विचारलं नव्हतं. पोरगा यादीतल्याच एका घरचा, बारामतीच्या मार्केट यार्डात कामाला. विहीणबाई म्हणाल्या, तिनंच क्लासच्या कुणाकडून निरोप धाडला आणि डागाचं पहिल्याच दिवशी त्याच्या आईला सांगितलं. मी लग्नाला गेले, जेवले, आले.

वर्षभरानं तिच्या घरी बारामतीत चहाला गेले. बाहेरच्या खोलीत दोघीच होतो. सासू भाजी आणायला गेली होती, नवरा मोरीत पाण्याच्या घागरी भरून ठेवत होता. मी बराच वेळ चुळबुळ केली आणि शेवटी विचारलंच.

"ह्याच घरात कशी आलीस गं? मी तर सांगितलं नव्हतं."

"तुमीच सांगितलं की," ती म्हणाली. "तुमच्या शेऱ्यात हुतं. 'घरात पाणी पुरुष भरतात. सासू तोंडाची फटकळ, पण बोलून मोकळी होते, मनात ठेवत नाही.' तीनशे घरं वाचली मी मावशी. असं लिवलेलं एकच हुतं."

मोरीत घागर वाजली. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले.

"आता तरी पुसून टाक गं ती."

"पुसली कवाच."

"खरंच?"

ती हसली. "तुमी तीन घरी ठिवता, आन मला एका घरचं इचारताय व्हय?"

मी चहा संपवला आणि उठले. घरी येईपर्यंत विचार करत होते, पुसली असेल का. अजून करते.